दीड मण

एकेचाळिसाव्या पायरीवर लहानूचा श्वास संपला. दम लागला असं नव्हे. दम लागणं त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. बारा वर्षं म्युनिसिपल कमेटीच्या आगीच्या बंबावर काढलेल्या माणसाला दम लागतो, तो थुंकतो, तोंडावर पाणी मारतो आणि पुन्हा पाईप धरतो. हे वेगळं होतं. रांजणात तांब्या घालावा आणि तो पाण्याला न लागता तळाला खट्‌कन लागावा, तसा छातीत आवाज झाला. पाठीवर वाळूचं पोतं होतं. त्याने ते जिन्याच्या भिंतीला टेकवलं, मग खांदा टेकवला, आणि आपण काय करतो आहोत ते कळायच्या आत तो पायरीवर बसलेला होता. वर बावीस पायऱ्या उरल्या होत्या. खाली टाकीच्या पायथ्याशी बंबाचे नवे साहेब बबनराव मान वर करून उभे होते. ते रागावले असते तर लहानूला बरं वाटलं असतं. ते नुसते म्हणाले, "उतर आता. सावकाश उतर." सावकाश हा शब्द म्हाताऱ्यांना सांगायचा असतो. लहानू बेचाळीस वर्षांचा होता, म्हणजे बायकोच्या, तानाबाईच्या, हिशेबाने बेचाळीस, कारण त्याच्या जन्माची नोंद कुणी ठेवली नव्हती.

बबनराव पलटणीतल्या आगवाल्यांत नोकरी करून आले होते. बंबावर सात माणसं, आणि सातांपैकी कोण खरोखर कामाचं आहे हे आग लागल्यावर कळण्यापेक्षा आधी कळावं, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. आगीत सापडलेला माणूस सरासरी दीड मणाचा धरायचा. तो पाठीवर घेऊन पाण्याच्या जुन्या टाकीचा त्रेसष्ट पायऱ्यांचा दगडी जिना चढायचा. थांबलं तरी चालेल, टेकवायचं नाही. "उतरताना माणूस पडतो," ते म्हणाले होते, "पण चढताना तो कळतो." सहा जण चढले होते. लहानू राहिला. त्याला पंधरा दिवसांनी आणखी एक संधी होती, आणि ती हुकली तर जकात नाका. पगार तोच, खाकी कपडे तेच. देवळीच्या रस्त्यावरच्या त्या नाक्यावर स्टूल आहे, लिंबाची सावली आहे, बसून काम आहे, असं साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. साहेब नवीन होते, त्यांना नाका माहीत नव्हता. लहानूला माहीत होता. नाक्यावरचा कारकून बसतो. शिपाई गाड्यांवरची पोती खाली उतरवतो, कारकून ती उघडून बघतो, मग शिपाई ती पुन्हा वर चढवतो. कोणाकोणाची पोती. दिवसभर. मरेपर्यंत. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते लोक गंमत म्हणून म्हणतात. लहानूच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होणार होतं.

त्या दुपारी सावंगीला घरी परत जाताना रस्ता मऊ झाला होता आणि डांबर चपलेला ओढून धरत होतं. वैशाखातलं ऊन डोक्यावर वजनासारखं बसतं हे त्याला आजवर जाणवलं नव्हतं, आज जाणवलं. एकदा वजन मोजायला लागलं की सगळंच वजन होतं, सदरा, पाण्याची सुरई, स्वतःचे हात. त्याला बाप आठवला. बापाची मान डावीकडे कललेली होती, कायमची. तो झोपला तरी मान तशीच, हसला तरी तशीच. दौऱ्यावर आलेल्या साहेबलोकांच्या पेट्या एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचवायच्या, ही त्याची वेठ. पोचवायच्या म्हणजे डोक्यावरून. मजुरी नाही, शिळी भाकर मिळाली तर मिळाली. पेटी उचलायच्या आधी बाप एकच विचारायचा, "कोणाचं ओझं हाय?" कोणाचं आहे यावरून काही ठरणार नसे. तहसीलदाराची पेटी आणि ओव्हरसियरची पेटी मानेवर सारखीच बसते. तरी तो विचारायचा, आणि लहान असताना लहानूला वाटायचं की नाव कळलं की ओझं हलकं होत असावं. ओझ्याने मान वाकडी झाली, असं सगळी वस्ती म्हणायची. बाप त्यावर काही बोलत नसे. एकदा लहानूने त्याची मान दोन्ही हातांनी धरून सरळ करायचा प्रयत्न केला होता, बाप खूप वेळ तसाच बसून राहिला होता आणि मग म्हणाला होता, "राहू दे, दुखते."

गेल्या दसऱ्याला सगळी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. परतल्यावर प्रेमदासकाकाजींनी लोकांना विहिरीजवळ गोळा केलं. प्रेमदास म्हणजे वस्तीतला शहाणा माणूस, सत्तरीच्या आसपासचा, कापसाच्या वाळलेल्या पळाटीसारखा, पण त्याच्या आवाजापुढे कोणाची टाप नव्हती. तो म्हणाला, देव सोडले, आता ओझं सोडायचं. मेलेलं ढोर ओढायचं नाही, आणि दुसऱ्याचं ओझं डोक्यावर, पाठीवर, खांद्यावर घ्यायचं नाही. घेईल तो आपला नाही. लोकांनी हात वर केले. लहानूनेही केला. तेव्हा प्रेमदासाने त्याच्याकडे बोट दाखवलं होतं. "हा पाहा. बंबावर हाय. याच्या बापाची मान पाहिली तुमी, आता याची पाहा." सगळ्यांनी त्याच्या मानेकडे पाहिलं होतं. तिची त्याला लाजही वाटली होती आणि अभिमानही, आणि त्या दिवसापासून वस्तीतून जाताना तो मान जरा जास्तच ताठ ठेवायचा. अशा माणसाने आता विहिरीजवळ जाऊन काय सांगायचं? माझा श्वास पुरत नाही, म्हणून? त्यापेक्षा जीभ झडलेली बरी.

तोड काढून दिली ती बंडूजीने, तीही थट्टेत. बंडूजी बंबाचा ड्रायव्हर, सेलूकडच्या शेतकरी घरातला, बोलला की शेतावरचंच बोलायचा. "भरल्या गाडीले नवा गोऱ्हा जुंपते का कोणी? आधी त्याले लाकूड ओढाले लावते. मंग रोज उलीसक वाढवते." लहानू म्हणाला, "मी काय गोऱ्हा आहो?" बंडूजी म्हणाला, "बुढा बैल असला तरी रीत तेच राह्यते." लहानूला राग आला, आणि रागावलेलाच तो बंबखान्याच्या कोपऱ्यातून बाद झालेल्या पाईपाचा तुकडा घरी घेऊन आला. कॅनव्हासचा, वावभर लांब, आगीत एका ठिकाणी करपलेला. तानाबाईने तो हातात घेऊन उलटापालटा केला.

"याचं काय कराचं?"

"एक तोंड शिव. दुसऱ्याले नाडी बसव. वाळू भराची हाय."

तिने दाभणात सुतळी ओवली. तिने कारण विचारलं नाही, म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "रातच्याले तुमची छाती वाजते. म्या आयकलं." आणि आणखी वेळाने, "काकाजीले सांगून टाका. ते काई खाऊन नाई टाकत."

"तू शिव."

पहिल्या दिवशी पाच शेर वाळू. पाईप गळ्यात माळेसारखा घातला, दोन्ही टोकं छातीवर, वर पंचा पांघरला. सावंगी ते बंबखाना, दोन मैल. पाच शेर म्हणजे काहीच नाही असं पहिल्या मैलाच्या दगडापर्यंत वाटलं. त्यानंतर मानेच्या मागचं एक हाड जागं झालं. तिथे एक हाड आहे हे माणसाला आयुष्यभर माहीत नसतं. बापाला माहीत असणार. तो चालत होता आणि मोजत होता, चार पावलांत श्वास आत, चार पावलांत बाहेर. पाचव्या पावलावर श्वास पुरेना की वेग कमी करायचा, थांबायचं नाही. तीन दिवसांनी सात शेर झाले. दुसऱ्या दगडापाशी घाम डोळ्यांत उतरायचा आणि रस्त्याकडेची लिंबाची झाडं एकमेकांत मिसळायची. त्याला सारखी एक भीती वाटत राहायची, की आपली मान डावीकडे चालली आहे. मग तो ती उजवीकडे ओढायचा. बंबखान्याच्या फुटक्या आरशात रोज सकाळी तो आधी मान बघायचा, मग टोपी नीट करायचा.

सहाव्या दिवशी वस्तीच्या तोंडाशी प्रेमदास उभा होता. पंचा वाऱ्याने उडाला होता आणि पाईप उघडा पडला होता.

"लहानू."

"काय, काकाजी?"

म्हातारा जवळ आला. त्याने पाईपाला हात लावला, वाळू चाचपली, आणि आवाज अजिबात न चढवता विचारलं, "कोणाचं ओझं हाय?"

नेमके तेच शब्द. लहानूच्या पायाखालची जमीन सरकली. माझं आहे, एवढं म्हटलं असतं तर पुढे 'काऊन?' असा सवाल आला असता, आणि त्या काऊनचं उत्तर एकेचाळिसाव्या पायरीवर बसलेलं होतं. त्याच्या तोंडून निघून गेलं, "कमेटीचं."

प्रेमदासाने हात काढून घेतला. त्याचा चेहरा असा झाला, की लहानू पुढचा सगळा रस्ता श्वास मोजायला विसरला.

आता घर ते बंबखाना ही वाट सोपी राहिली नव्हती, म्हणून तो अर्धी मेहनत कामात लपवायला लागला. कामाला कोणी नावं ठेवू शकत नाही. बंब सुरू करायला हँडल मारायचं ते बंडूजीच्या हातून काढून घेऊन तो मारायचा, आणि पहिल्या झटक्यात इंजिन लागलं तर मनातून हिरमुसायचा. भिजलेले पाईप वाळवायला खांबावर ओढायचे तेव्हा दोरी दोन हातांनी न ओढता एकाने ओढायचा, मग दुसऱ्याने. बादल्या भरताना हात ताठ ठेवून दहा आकडे मोजायचे आणि मगच बादली खाली ठेवायची. बंबाची चाकं धुवायची ती उकिडवं बसून, उठून, पुन्हा बसून. दुपारी टाकीतली पाण्याची पातळी बघून यायचं काम कोणालाच नको असायचं. ते त्याने मागून घेतलं आणि ओला पाईप खांद्यावर टाकून तो रोज त्रेसष्ट पायऱ्या चढायला लागला. बंडूजी विडी ओढत बघत बसायचा. "जवानी परत आली काय बे तुले? तानाबाईले सांगा लागते." लहानू हसायचा. ताकाला तूर लागू द्यायचा नाही. पण मांड्यांना समजत होतं. मांड्या रात्री धडधडायच्या, आणि एक दिवस पन्नासाव्या पायरीवर त्याच्या लक्षात आलं की एकेचाळिसावी कधी गेली ते कळलंच नाही. तो आनंदाने तिथेच उभा राहिला, आणि उभं राहिल्याबरोबर छातीत ते खट्‌कन झालं. थोडंसंच. कोणीतरी दार वाजवून निघून जावं एवढंच.

तेराव्या दिवशी तानाबाई पाणी घेऊन आली ती घागर उतरवायच्या आधीच बोलली. "वस्तीत लोकं म्हणून राह्यले, कमेटी तुमच्याकडून वेठ करून घेते. काकाजी साहेबाकडे जाणार हाय."

"कवा?"

"परवा."

परवा परीक्षा होती. त्याआधी उठून जावं, चार घरं ओलांडावी आणि सांगून टाकावं, एवढंच करायचं होतं. तो उठलाही. प्रेमदास दारात बसून पंचशील म्हणत होता, अजून पाठ व्हायचं होतं त्यामुळे अडखळत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. लहानू कुंपणापाशी थांबला. माझं वय झालं असेल, काकाजी. वाक्य तयार होतं. ज्या मानेकडे सगळ्यांनी पाहिलं होतं ती मान खाली घालून ते म्हणायचं होतं. तो परत आला आणि त्याने पाईपात आणखी वाळू भरली. आता साडेबारा शेर झाली. तानाबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आठलाच टाकीचे दगड तापले होते. तो पाईप गळ्यात घालूनच आला होता, सवयीने. पोतं पायरीपाशी तयार होतं. बंडूजी होता, बबनराव होते, आणि लिंबाच्या झाडाखाली प्रेमदास, मागे वस्तीतले चार जण. म्हाताऱ्याने धुतलेलं धोतर नेसलं होतं.

"साहेब," प्रेमदास म्हणाला, "आमचा माणूस वेठ करणार नाई. कमेटीची असली तरी वेठ ते वेठच."

बबनरावांना काही उमजलं नाही. "वेठ कसली? ही परीक्षा आहे."

"पंधरा दिस झाले, त्याच्या गळ्यात ओझं हाय. त्यानंच सांगतलं, कमेटीचं हाय म्हणून."

साहेबांनी लहानूकडे पाहिलं, मग त्या करपलेल्या पाईपाकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा थकवा आला. असल्या भानगडी पलटणीत नव्हत्या. "कोणावर जबरदस्ती नाही," ते म्हणाले. "उचलायचं नसेल तर लिहून द्या. नाक्यावर जागा आहे. आजच पाठवतो."

"देतो लिहून," प्रेमदास म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जिंकल्याचं समाधान होतं.

लहानूला ऊन दिसेनासं झालं. नाक्यावरच्या गाड्या दिसल्या, एकामागे एक, तट्टे लावलेल्या, आणि प्रत्येक गाडीवर पोती. आपलाच माणूस आपल्या भल्यासाठी आपल्याला तिथे पोचवत होता, आणि ते आपल्याच एका शब्दामुळे. त्याला प्रेमदासाचा संताप आला, मग स्वतःचा, मग नुसतीच भीती वाटली, साधी, लहान पोराला वाटते तशी.

"खोटं बोललो, काकाजी." आवाज त्याला वाटला त्याहून मोठा निघाला. "ओझं माहं हाय. पंधरा दिसाआधी मी हेच पोतं घेऊन चढलो अन अर्ध्यात बसलो. श्वास नाई पुरला. म्हणून वाळू घेऊन चालतो. कोणी सांगतलं नाई मले."

बंडूजीने विडी विझवली. झाडाखालचे चौघे जमिनीकडे बघायला लागले. प्रेमदास पोत्यापाशी गेला आणि त्याने काठीने ते टोचलं.

"याच्यात काय हाय?"

"वाळू."

"आगीतून वाळू काढता तुमी?"

"माणूस काढतो," बबनराव म्हणाले.

"मंग माणूस घ्या." त्याने काठी झाडाला टेकवून ठेवली. "मले घे, लहानू."

टाकीच्या गोदामात काटा होता. म्हातारा पारड्यात मांडी घालून बसला, जसा काही तिथेच राहायला आला आहे. एक मण आठ शेर. बबनरावांनी मान हलवली. नियम दीड मणाचा होता, आणि ते नियम मोडणारे नव्हते. तेव्हा लहानूने गळ्यातला पाईप काढला. तो पारड्यात ठेवणार एवढ्यात प्रेमदासाने हात पुढे केला, पाईप घेतला आणि स्वतःच्या गळ्यात घातला. वस्तीतल्या चौघांपैकी कोणीतरी घसा खाकरला. काटा जरासा पलीकडे झुकला. अर्धा शेर जास्त. "चालेल," बबनराव म्हणाले.

वाळूचं पोतं मेलेलं असतं, माणूस नसतो, हे पहिल्या दहा पायऱ्यांतच कळलं. प्रेमदासाचं पोट त्याच्या खांद्यावर होतं आणि तिथे काहीतरी उडत होतं, लगबगीने, पाखरासारखं. धोतराला विडीचा आणि रिठ्याचा वास होता. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी धरलेल्या पाईपाची टोकं पाठीवर आपटत होती. चार पायऱ्या आत, चार बाहेर. वीस. मांड्या तापल्या, त्या तापणारच होत्या, त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नव्हतं. तीस. आता चाराला पुरत नव्हतं, तीन तीन करावं लागलं. भिंत गरम होती. पस्तीसला घाम डोळ्यांत आला आणि पायऱ्या मिसळायला लागल्या, तेव्हा तो पायांनीच मोजत राहिला. मग भिंतीवर तो डाग दिसला, पंधरा दिवसांपूर्वी पोतं घासलं होतं तिथला, पांढुरका. एकेचाळीस. छातीत खट्‌कन झालं. या वेळी दार वाजवून कोणी निघून गेलं नाही. तो थांबला. पायरी आपल्याकडे वर येते आहे असं वाटत होतं. बसावं. एकदा बसलं की सगळं संपेल, नाकासुद्धा एवढा वाईट नसेल, तिथे लिंबाची सावली आहे.

पाठीमागून, उलट्या लटकलेल्या तोंडातून आवाज आला, अगदी हळू, खालच्यांना ऐकू जाऊ नये असा.

"तुह्या बापानं मले असंच आणलं होतं."

लहानूने खांद्यावरची पकड घट्ट केली.

"पुलगावच्या रस्त्यानं. दोघंबी वेठीवर होतो. मले हैजा झाला, पडलो. त्यानं साहेबाची पेटी तिथंच फेकली, अन मले उचललं. चार कोस." म्हाताऱ्याचा श्वासही अडकत होता. "मांगून शिपाई आला. पेटी काऊन टाकली म्हणून मानेवर काठी हाणली. तरी त्यानं मले खाली ठेवलं नाई."

जिन्यात गरम हवा उभी होती.

"मान तवाच वाकडी झाली त्याची. ओझ्यानं नाई झाली. मी कोणाले सांगतलं नाई. मले लाज वाटे."

लहानूला दोन्ही हातांत धरलेली ती मान आठवली, आणि राहू दे, दुखते, असं म्हणणारा आवाज. त्याने उजवा पाय उचलला. तो आपोआप उचलला गेला नाही, त्याने उचलला. बेचाळीस. पुढे दोन दोनालाही श्वास पुरेना, मग एका पायरीला एक श्वास, आणि तोही अर्धा. पन्नासच्या पुढे आकडे सुटले. खांद्यावरचं पाखरू उडत होतं आणि त्याच्या स्वतःच्या छातीतलंही. कोणतं कोणाचं ते आता सांगता आलं नसतं, आणि त्याला ते सांगायचंही नव्हतं. मान कुठे कलली आहे हे बघायचं तो विसरला होता. उजेड वाढला. त्याने पुढच्या पायरीसाठी पाय उचलला, आणि पाय रिकामा खाली गेला. पायरी नव्हती, सपाट दगड होता.

खालून बबनराव ओरडले, "उतरव त्यांना आता."

लहानूने ऐकलं. तो टाकीच्या कठड्यापर्यंत चालत गेला, प्रेमदासाला सावलीच्या बाजूला वळवलं, आणि मग सावकाश, दोन्ही हातांनी, खाली ठेवलं.